मोहिते साहेबांची सिस्टिम

यंदा पंचाहत्तरी पूर्ण करणारे दिगंबरराव मोहिते मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा ते माझ्या खुर्चीत बसले होते. माझ्या म्हणजे, मी मनाशी माझी ठरवलेल्या. बडोद्यातल्या आमच्या सरकारी कचेरीला आपत्कालीन कक्षासाठी संगणक प्रणाली घ्यायची होती. आग, पूर, अपघात, काहीही असो. फोन आला की नोंद व्हावी, बंब किंवा रुग्णवाहिका निघावी आणि काम संपेपर्यंत ती कुठे आहे ते पडद्यावर दिसावे, असा हेतू. संगणक विभागात मी होतो, अभ्यास माझा होता. खरेदी समितीचे अध्यक्ष मात्र भांडार विभागातले मोहिते झाले. मी दारातच थबकलो, तर म्हणाले, "या, या! तुमच्यावाचून आमचं काय चालणार? चा मागवलाय." असा माणूस पहिल्याच भेटीत आवडून जातो, याचा मला फार संताप आला.

त्या काळात सरकारी कचेऱ्या अशा वस्तू बाहेरच्या कंपन्यांकडून नुकत्याच घेऊ लागल्या होत्या. आमच्या कळकट बैठकीच्या खोलीत टाय लावलेली माणसे ये-जा करू लागली. निविदेच्या तांत्रिक अटी मी जिवाचे रान करून लिहिल्या. मोहिते यांनी त्या ओळ न ओळ वाचल्या, "फक्कड!" म्हणाले आणि शेवटी स्वतःची एकच अट घातली. दरांची पाकिटे उघडण्याआधी प्रत्येक कंपनीने प्रात्यक्षिक द्यायचे, आणि त्यात फोन करायचे ते कंपनीच्या माणसांनी नव्हे, गावातल्या माणसांनी. मला तो शुद्ध पोरखेळ वाटला, आणि तसे मी बोलूनही दाखवले.

प्रात्यक्षिकाला पहिला फोन त्यांच्या, पाणीगेट वेशीपाशी राहणाऱ्या काकूंनी केला. काकू जन्मभर मोठ्याने बोलत आलेल्या. कंपनीच्या बाहेरगावच्या मुलीने विचारले, "रोड का नाम बताइए, मॅडम."

"रोड काय घेऊन बसलीस! आग लागलीय इथे! पाणीगेटच्या आत, फरसाणवाल्याच्या मागे. बंब पाठवतेस की मी येऊ तुला दाखवायला?"

रस्त्याचे नाव भरल्याशिवाय प्रणाली पुढे सरकेना. मग घडियाळी पोळ या जुन्या, चिंचोळ्या गल्लीतल्या एका गुजराती बेनने फोन केला. त्यांनाही तोच प्रश्न. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोळमां वळी रोड केवो, बेन?" पोळीत कसला आलाय रोड! सगळी खोली हसली. मोहिते हसले नाहीत. "खरी आग असती तर आत्तापर्यंत घर गेलं असतं," एवढेच म्हणाले. आणि मी, ज्याने महिनोन् महिने अभ्यास केला, हे आपल्याला कसे सुचले नाही म्हणून आतल्या आत जळत बसलो.

सुधारणेसाठी त्यांनी सर्व कंपन्यांना सारखीच मुदत दिली. एकीनेच वेस, पोळ, देऊळ, दुकान हे आधी आणि रस्ता नंतर अशी रचना करून आणली. जिचा दर सर्वांत कमी म्हणून बोलबाला होता, तिचे पाकीट बंदच राहिले. वरून दडपण आले. मोहिते यांचे उत्तर ठरलेले असे: "अट आधीची आहे, साहेब. सगळ्यांना ठाऊक होती." दिवाळीत एका प्रतिनिधीने आम्हा दोघांना सुक्या मेव्याचे डबे आणले. मी डबा परत करून त्याला चांगला फैलावर घेतला. मोहिते यांनीही परत केला, पण वर त्या माणसाला बसवून घरच्या चकल्या खाऊ घातल्या. तो आजही त्यांचेच गुण गातो. माझ्या सचोटीची आठवण कोणाला आहे?

प्रणाली सुरू झाली आणि तिचे नावच पडले, 'मोहिते साहेबांची सिस्टिम'. उद्घाटनाला त्यांनी जाहीर सांगितले की ही सगळी मेहनत माझी आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या त्यांच्या मोठेपणाला होत्या!

निवृत्तीनंतरही सुटका नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या नळीने पेट घेतला. मी फोनकडे धावलो, तर सौभाग्यवतींनी तो माझ्या हातातून ओढून थेट मोहिते यांना लावला. त्यांनी आधी तिला घराबाहेर पडायला लावले, दुसऱ्या फोनवरून बंब बोलावला आणि बंबाच्या पाठोपाठ स्कूटरवर स्वतः हजर. पडदा आणि ओट्यावरचे फडताळ, एवढ्यावर निभावले. नंतर मी विचारले, "मी समोर उभा होतो ना गं? मग त्यांना का?" ती म्हणाली, "तुम्ही आधी नळी कुठल्या कंपनीची ते बघत बसला असतात."

मला त्यांचा हेवा वाटतो, हे या गौरवग्रंथात स्पष्ट लिहितो. संपादकांनी खुशाल ठेवावे. पण खरे दुखणे वेगळेच आहे. माझे सारे घर अडीअडचणीला त्यांच्याकडे धावते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदाही काही मागितलेले नाही. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा आम्हाला दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्यांकडून कळले.

मोहिते साहेब, तुम्ही खूप जगा, ठणठणीत राहा. पण पायरीवर पाय घसरला, औषध संपले, किंवा नुसते घर खायला उठले, तर मुलाला नको, शेजाऱ्याला नको, पहिला फोन मला करा. मी घरीच असतो.