अंबडच्या पोराचं वय
परवा नातीची अक्कलदाढ दुखू लागली आणि मला जालन्यातलं ते फुटबॉलचं मैदान आठवलं. हैदराबाद संस्थानातले दिवस होते. मी एकवीस वर्षांचा होतो आणि आमच्या शाळेनं नुकतंच मला सामन्यांचा हंगामी चिटणीस नेमलं होतं. आमच्या शाळेचा अंबडशी सोळाच्या आतल्या मुलांचा सामना होता. काळ्या मातीवर चुन्याच्या रेषा अजून ओल्या होत्या आणि अंबडच्या संघात मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा उभा होता. त्यांच्या मास्तरांनी त्याच्या वयाचा उर्दू दाखला पुढे केला. मी म्हणालो, "शिक्का बराबर आहे, पण पोरगं बराबर दिसत नाही." मास्तर कळवळून म्हणाले, "हाडापेरानं मोठं हाय जी, वयानं न्हाई." मला ते पाठ केल्यासारखं वाटलं. सगळ्यांसमोर मी मुलाला आ करायला लावलं आणि बोट घालून अक्कलदाढ शोधली. दाढ नव्हती. "जा, खेळ," मी म्हणालो. त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "दात बघून बैल इकत घेऊन राह्यले का, साहेब?" मग तो सरळ अंबडच्या रस्त्याला लागला. मास्तर त्याच्यामागे धावले, पण तो थांबला नाही. अंबडची दहाच मुलं खेळली आणि हरली. माझ्या कडकपणावर खूश होऊन हेडमास्तरांनी त्याच संध्याकाळी मला कायम केलं. पुढे चाळीस वर्षं मी मुलांचे संघ सांभाळले. सुरुवात कशी झाली असं कोणी विचारलं, की पहिलाच सामना जिंकलो असं सांगत आलो. समोर दहाच मुलं होती, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.