आमच्या घराण्याचं शून्य

प्रत्येक घराण्याच्या इतिहासात एक अशी पहाट असते, की तिच्या उजेडात पुढच्या पिढ्या चालत राहतात. आमची पहाट शून्य अंश सेल्सिअसची होती. ती आजोबांनी एकट्यानेच पाहिली. बाकीचं घराणं झोपलं होतं.

नाशिकच्या गंगापूर रोडवर घरांपेक्षा गुलाबाचे मळे जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. एका हिवाळ्यात आजोबा फुलं तोडायला पहाटे उठले, मागच्या पडवीतल्या तापमापकाकडे त्यांनी पाहिलं, तर पारा शून्यावर! हौदाजवळच्या पातेल्यात पाण्यावर बर्फ. त्यांनी घरभर हाका मारल्या. गोधड्यांतून कोणी हललं नाही. ऊन आलं, बर्फ विरघळला, पारा चढला आणि आजोबांचा शब्द तेवढा उरला.

आणि तापमापक उरला. पांढरा पत्रा, मध्ये काचेची नळी, तळाशी खरवडून गेलेली काही अक्षरं. एका इंग्रज शेतकी अधिकाऱ्याने आजोबांची शिस्त पाहून तो त्यांना भेट दिला, असं आमच्याकडे मानत. फॅरनहाइट वापरणाऱ्या इंग्रजाने सेल्सिअसचा तापमापक कशाला दिला असेल, असं मी लहानपणी एकदा विचारलं, तेव्हा मला दूध आणायला पाठवण्यात आलं.

त्या पहाटे झोपून राहिलेल्यांत माझे वडीलही होते. तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे असतील, पण त्यांनी स्वतःला माफ केलं नव्हतं. पुढे ते भूगोलाचे शिक्षक झाले आणि दिवाळी संपली की रोज पहाटे मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन पडवीत जाऊ लागले. आजोबा गेल्यावर हे वेड वाढलं. आजोबांच्या त्या गोष्टीवर लग्नकार्यांत लोक हसत, आणि बाबांना एकदा, फक्त एकदा, पारा शून्यावर पाहायचा होता. साक्षीदारांसह.

नव्वदच्या दशकातले आमचे हिवाळे त्यामुळे फार मजेत गेले. तापमापक ज्या फळीवर ठोकला होता तिच्यावर, आकड्यांच्या शेजारी, बाबांनी पेन्सिलीने शब्द लिहायला सुरुवात केली. पंधराला ‘गारवा’. बाराला ‘थंडी’. दहाला ‘गारठा’, आठला ‘कडाका’, सहाला ‘हुडहुडी’. हुडहुडी हे तापमान नसून लक्षण आहे, अशी मी हरकत घेतली. ‘शिरशिरी’ गारव्याच्या वर की खाली, यावर आम्ही एक अख्खा रविवार भांडलो.

“आणि ‘काकडणं’ कुठे टाकलंत?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं. “रोज पहाटे ओट्याशी मी तेच करते.”

“ते क्रियापद आहे,” बाबा म्हणाले.

“क्रिया मीच करते ना? मग लिहा.”

काकडणं सातला लिहिलं गेलं. सहाच्या खाली मात्र फळी कोरी होती. त्याच्या खाली जाण्याची वेळ मराठीवर फारशी आली नसावी. शून्यासाठी शब्द शोधायचा हक्क बाबांनी राखून ठेवला होता.

दर हिवाळ्यात आजोबांची धाकटी बहीण सटाण्याहून राहायला येई. बाबांची ही आत्या लग्न होऊन तिकडे गेली आणि पाचपन्नास वर्षांत तिची भाषा पुरती अहिराणी झाली. तिला आमची फळी हा आळशी लोकांचा खेळ वाटे. तिच्याकडे सगळ्या आकड्यांना मिळून एकच शब्द होता. पारा पंधरावर असो की सातावर, ती शालीत हात खुपसून म्हणे, “हिव वाजस ना भाऊ!” थंडी वाजते आहे, एवढंच. वाद संपला.

दोन हजार साल उलटून गेल्यावर आमचं बैठं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. संक्रांतीनंतर जागा रिकामी करायची, आणि इमारत झाली की तिच्यातच चौथ्या मजल्यावर फ्लॅट. आईला नव्या ओट्याचा आनंद झाला होता. बाबांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “पडवी कुठे आहे?”

“गॅलरी आहे ना.”

“चौथ्या मजल्यावर पारा कसा पडणार?”

म्हणजे हा शेवटचा हिवाळा. आणि काय हिवाळा आला! निफाडकडे द्राक्षबागांत लोक पहाटे शेकोट्या पेटवू लागले. भाजीवाल्या बाई कानटोपीवर पदर घेऊन येऊ लागल्या. आमचा पारा हुडहुडीच्या खाली उतरला तेव्हा बाबांनी मला गदागदा हलवून उठवलं, जणू घरात चोर शिरला होता. मी पळत गेले. पाच! कोऱ्या फळीवर पारा! दुसऱ्या दिवशी त्याच्याही खाली. आता गल्ली जमू लागली. आई एका भांड्यात सगळ्यांचा चहा ठेवी. शेजारचे निवृत्त इंजिनियर काका स्वेटरवर कोट चढवून येत आणि न चुकता टोमणा मारत.

“काय सर, शून्याचा शोध आपल्याकडे लागून झालाय ना? तुम्ही कशाला पुन्हा?”

“तुम्ही श्वास तिकडे सोडा,” बाबा म्हणत. “पाऱ्यावर सोडू नका.”

शेकोटीला तर पडवीपासून हद्दपारच केलं होतं. आत्या तेवढ्यासाठी बाबांवर रुसून होती.

त्यानंतरच्या पहाटे वारा अजिबात नव्हता आणि आकाश इतकं स्वच्छ, की बघूनच दात वाजावेत. आम्ही सगळे नळीभोवती दाटीवाटीने उभे होतो. बाबांनी बॅटरी धरली. तीन. थोड्या वेळाने तीनाच्या खाली. मग दोन. पण दोनावर पारा थांबला. पूर्वेला उजाडायला लागलं. इंजिनियर काकासुद्धा तोंड वळवून श्वास सोडत होते, यावरून प्रसंग ओळखावा. बाबांनी बॅटरी बंद केली.

तेवढ्यात अंगणातून आईची हाक आली. “अहो, हे काय झालंय बघा!”

चिमण्यांसाठी ती कुंपणाच्या भिंतीवर पाण्याची ताटली ठेवत असे. पाण्यावर पातळ काच धरली होती. बाबांनी बोट लावलं. काच सरकली. बर्फ! साठीतला माणूस अंगणात अक्षरशः उड्या मारत होता. प्रत्येकाने तुकडा हातात घेतला, प्रत्येकाचा तुकडा विरघळला, काकांनी तर खाऊन पाहिला. हवेत दोन अंश असतानाही उघड्या आकाशाखाली ताटलीतलं पाणी कसं गोठतं, हे बाबा वर्षानुवर्षं नववीला शिकवत आले होते. त्यांना त्याची आठवण करून देण्याचं धैर्य कोणाला झालं नाही.

आत्याने ताटलीत वाकून पाहिलं. “आसंच व्हतं,” ती म्हणाली.

बाबा एकदम थांबले. “म्हणजे? तू जागी होतीस?”

जागी होती. भावाची हाक ऐकून ती एकटीच उठली होती. पातेल्यावरचा बर्फ तिने स्वतः पाहिला होता. मग इतकी वर्षं बोलली का नाही? तिला कोणी विचारलंच नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले.

“आणि पारा? पारा शून्यावर होता ना?”

“यंत्र कोठे व्हतं तवय?” आत्या म्हणाली. “ते मन्हा लगीनमा उनं.”

यंत्र तिच्या लग्नात आलं, म्हणजे त्या पहाटेनंतर वर्षभराने. पाणी गोठलं तर शून्यच असणार, हे आजोबांना मागाहून कोणीतरी सांगितलं, आणि तिथून पुढे त्यांच्या गोष्टीत पारा आला. इंग्रज अधिकाऱ्याबद्दल आत्याला काहीच माहीत नव्हतं. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि भेट घ्यायची, ही आपली रीत. आजोबांनी कान पिळला. नवरा सटाण्याच्या एका खताच्या दुकानात कामाला होता. दुकानात गिऱ्हाइकांना फुकट वाटायला तापमापक आले होते, त्यांतला एक त्याने दिला.

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग आत गेले, पेन्सिल घेऊन आले, आणि फळीवर शून्याशेजारी लिहिलं: ‘हिव’.

फळीसकट तो तापमापक आता चौथ्या मजल्यावर, दिवाणखान्यात आहे. तो बारा महिने सव्वीस अंश दाखवतो.