दुधाच्या गाडीतून शिबिराला
आंबलेल्या दुधाचा वास आला की शाहूवाडीतली ती पहाट आठवते. राखीव जागेवर नुकतीच ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि महिला सदस्यांच्या शिबिरासाठी कोल्हापूरला निघाले होते. एसटी चुकली, म्हणून दुधाच्या गाडीत कॅनना टेकून बसले. तेवढ्यात सासरे आले. "नुसत्या सह्या तर करायच्यात, शिकून काय करतीस? उतर!" मी म्हटलं, "मामा, लोकांनी मला निवडून दिलंय. मी जाणार." त्यांनी ड्रायव्हरला दम भरला, "हिला नेलंस तर उद्यापास्नं आमचं दूध बंद." धार काढून आलेल्या सासूबाई मागून कडाडल्या, "म्हस माझी हाय, दूध बी माझंच. हाण रं गाडी!" गाडी सुटली. आता तसली शिबिरं मीच घेते, आणि घरच्यांनी अडवलेली बाई पोचल्याशिवाय सुरुवात करत नाही.