दुर्बिणीचं कपाळ

समस्त क्रीडाप्रेमींच्या हितासाठी अत्यंत गांभीर्यानं जाहीर करतो की, दुर्बिणीला कपाळ नसतं. ही गोष्ट कुठल्याच गॅरंटी कार्डावर छापत नाहीत, म्हणून आमच्या घरावर तो प्रसंग आला!

सोलापूरची, सत्तरच्या दशकातली गोष्ट. धाकटा भाऊ मल्लू क्रिकेटच्या अंतिम सामन्यात सलामीला जाणार होता. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फर्मान काढलं, "एकदा बघतो. पटलं तर खेळ. न्हायतर उद्यापास्नं आपल्या टॉवेलच्या दुकानात बस!"

पण अप्पांना वीस हातांपलीकडचं दिसतंय कुठं? सगळी मदार दुर्बिणीवर, आणि ती अजून विकत घ्यायची होती.

मोठ्या दुकानात दोन वर्षांची छापील गॅरंटी होती, तीही सोनेरी अक्षरांत.

"आणि बिघडली तर?" मी विचारलं.

"मुंबईला पाठवू. तीन महिन्यांत येईल की."

भवानी पेठेतल्या चष्मेवाल्यानं मात्र पावतीमागं पेनानं लिहून दिलं, 'बिघडल्यास त्याच दिवशी दुरुस्त करून देईन. पाणी गेल्यास जबाबदारी नाही.'

"बिडो, ती मुंबई सोड!" अप्पा म्हणाले. (बिडो म्हणजे सोड. आमच्या घरात निर्णय कानडीतच होतात.) "माणूस जवळचा पायजे. भांडाय सोपं पडतं."

सामन्याच्या दिवशी सकाळी दुर्बिणीची पूजा मांडली. पूजेशिवाय आमच्याकडं नवी इस्त्रीसुद्धा तापत नाही! अप्पांनी बोटांवर विभूती घेतली आणि अडले.

"ह्याचं कपाळ कुटंय रे?"

मी घरातला एकमेव मॅट्रिक पास. मी ऐटीत भिंगांकडं बोट दाखवलं! दोन्हींवर तीन-तीन पट्टे ओढले गेले. मग नारळ मीच फोडला, तोही दुर्बिणीच्या अगदी वर धरून. सगळं पाणी सांध्यांतून आत!

अप्पांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "समदं पांढरं! सोलापुरात धुकं?"

अकरा वाजले होते. सामना एकला. अप्पांना सायकलच्या मागं बसवून मी पेठेकडं सुटलो. चष्मेवाला जेवायला निघण्याच्या बेतात होता.

"आपोआप अंधूक झाली," मी ठोकून दिलं.

त्यानं स्क्रू काढले, हुंगलं. "आपोआप नारळाचा वास येतोय व्हय? पाणी गेलंय. पावती वाचा."

टॉवेलच्या घड्या घालणारा मल्लू डोळ्यांपुढं दिसू लागला.

अप्पा शांतपणे म्हणाले, "पाणी न्हाय. तीर्थ हाय ते. पावतीवर तीर्थाचं लिवलंय का?"

चष्मेवाल्यानं पावती बाजूला सारली. त्याच्या स्वतःच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते! तीर्थाला पाणी म्हणणार कसं?

"अप्पा," तो हात जोडून म्हणाला, "तीर्थ पुसायची तरी परवानगी द्या."

तासभर तो एकेक भिंग पुसत होता आणि मी भिंतीवरच्या घड्याळाला घाबरत होतो. मैदानावर पोचलो तेव्हा मल्लू बॅट घेऊन आत चालला होता. अप्पांनी दुर्बीण लावली. "मिशीसुद्धा दिसतीय की!"

दुर्बिणीची लढाई जिंकलो! मी हळूच सटकलो आणि मैदानाच्या पार पलीकडं, लिंबाखाली जाऊन सिगारेट पेटवली. (दोन पोरांचा बाप झालो तरी हे अप्पांना ठाऊक नव्हतं.)

एवढ्यात मल्लूनं चौकार मारला. चेंडू सीमेपार, थेट लिंबाकडं. चेंडूमागोमाग अप्पांची दुर्बीणही माझ्याकडं वळली! मैदानभर घुमेल असा अप्पांचा आवाज उठला,

"मल्लूला रोज खेळू दे रं! पर आमचा थोरला लिंबाखाली शिगरेट वढतोय, त्याला उद्यापास्नं दुकानात बसवा!"