पान संपेपर्यंत बॉल नाही

कोऱ्या पुस्तकाचा वास आला की मला आंबिवलीतल्या आमच्या चाळीसमोरचं बुद्धविहार आठवतं. सातवीत शाळा सोडून गावाहून आलेलो, ठाण्याच्या वागळे इस्टेटला कामाला होतो आणि वाचायचं विसरत चाललेलो. विहारात दर रविवारी एक ताई पोरांकडून गोष्टी वाचून घ्यायच्या. प्रत्येकाचं पान वाचून झाल्याशिवाय क्रिकेटचा बॉल मिळायचा नाही. एकदा धीर करून मीही पोरांमध्ये बसलो. माझी पाळी आली तशी पहिल्याच जोडाक्षराला मी अडलो. "दादाची एसटी खोपट डेपोतच बंद पडली रे!" एक पोरगा ओरडला. सगळे हसले. मी पुस्तक मिटायला लागलो, तर ताई त्या पोराला म्हणाल्या, "मग बघतोस काय? धक्का मार!" तो खरंच शेजारी येऊन बसला, हळू आवाजात शब्द फोडून देऊ लागला. बाहेर ऊन कलायला आलेलं, बाकीची पोरं "दादा, आवरा ना" करत होती, तरी मी पान संपवूनच उठलो. त्या दिवशी ताईंनी मला तसंच उठू दिलं असतं, तर पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता. आता कामावरून आलो की रोज थोडं मोठ्याने वाचतो. जोडाक्षराला अजून अडतो, पण पान अर्ध्यावर सोडत नाही.