पहाटे उघडायला हवी अशी साइट

धाड गावच्या बसस्टँडजवळ फकीर मोहम्मद फवारणीचे पंप दुरुस्त करतात. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांची मुलगी गौसिया संगणकावर बसते. बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी घुसली, त्यानंतर तिने वर्डप्रेसवर एक साधी वेबसाइट काढली. शेतातल्या सापळ्यात रात्री या अळीचे किती पतंग अडकले याचे फोटो शेतकरी पाठवतात. फवारायचे की थांबायचे, हे ती गावानुसार तिथे लिहिते.

गेल्या हंगामात ऐन वेळी साइट बंद पडली. धाडचा शेतकरी दयाराम फोनचा कोरा पडदा बघत फवारायचा थांबला आणि अळी बोंडात शिरली. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. त्याने गौसियाला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ती जास्तच बेचैन.

यंदा पेरणी होताच ती नवे होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, शोधू लागली. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस, चहाला त्यांच्या दुकानात थांबणारा. तीन कंपन्यांचा तक्ता मीच करून दिला: जागा, वेग, बॅकअप, मदतीचा फोन. तिन्हींच्या रकान्यांत सारख्याच खुणा.

"काका, हे त्या कंपन्यायनंच लिहेल हाय ना?" ती म्हणाली. "आपुन तपासू."

तिने साइटच्या तीन प्रती तिन्हीकडे चाचणीपुरत्या ठेवल्या. बाजाराच्या दिवशी दुकानासमोरच्या गर्दीला त्या एकेक करून उघडायला लावल्या. तिन्ही झरझर चालल्या. कोणतीही घे, असे सांगून मी तक्ता खिशात घातला. ती मात्र बाहेरच बघत होती.

"काका, फोन कितीकानं काढला? एकाच्या फोनवर पाच जणं वाकेल हायेत."

"त्याचं दिसून राह्यलं त मी काऊन डाटा जाळू?" दयाराम म्हणाला.

"वावरात कोणाच्या खांद्यावरून पाहशील बे?" पंपाचे नोझल साफ करता करता फकीर मोहम्मद म्हणाले. सगळे हसले. गौसिया हसली नाही.

वारा पडलेला असतो म्हणून फवारणी पहाटे होते. औषध कालवण्याआधी जो तो आपल्या बांधावरून साइट उघडतो, एकाच वेळी. तिने सगळ्यांना तिन्ही प्रती तशाच उघडायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मीही दुकानात गेलो. पहिली साइट लगेच अडकली. दुसरीवर फोटो येईनात. तिसरी थोडा वेळ चालून थबकली. गौसियाने तिन्ही कंपन्यांना फोन लावले. दोन ठिकाणी नुसते संगीत वाजत राहिले. तिसऱ्या कंपनीत माणसाने फोन उचलला. साइट उघडणाऱ्या प्रत्येकासाठी पान नव्याने तयार होत होते, असे त्याने शोधून सांगितले. एकदा झालेले पान सगळ्यांसाठी तयार ठेवण्याची सोय त्याने चालू करून दिली. सगळ्यांच्या फोनवर साइट उघडली. तिने तीच घेतली.

बोंडे धरली, सापळे भरू लागले. एका पहाटे तिने धाडसाठी 'फवारा' लिहिले आणि घरातल्या प्रत्येक फोनवर साइट उघडून बघत राहिली. खुर्चीवर काही टेकेना. तेवढ्यात दयारामचा फोन आला.

"उघडलं ताई. फवारा लिहेल हाय. कालवून राह्यलो."

"हाव दादा. तोंडाले फडकं बांधा."

तिने फोन ठेवला आणि साइट पुन्हा उघडून पाहिली.