वासूची लोखंडी खुर्ची

वासू गेल्याचा फोन आला आणि मी जे. पी. नगरला त्याच्या घरी जायचं सोडून थेट आमच्या शेडवर पोचलो. कुलूप उघडून आत उभा राहिलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला... संकट आलं की वासूला गाठायचं, या सवयीने मी त्याच्याच मरणाची बातमी त्यालाच सांगायला निघालो होतो.

डोशाचं पीठ पिशव्यांत भरणारं यंत्र आम्ही दोघांनी बनवलं. मी पुण्याहून नोकरीसाठी या कानडी मुलखात आलेला, तर वासूचं घराणं तीन पिढ्या इथलंच. पहिलं मोठं गिऱ्हाईक, एक हॉटेलमालक, यंत्र बघायला आला, तेव्हा बटण दाबायचा मान मी हट्टाने मागून घेतला आणि झाकण लावायला विसरलो. पांढऱ्या शर्टातले ते गृहस्थ आणखी पांढरे होऊन परत गेले, ऑर्डरही त्यांच्याबरोबर गेली. आपण धंद्याच्या लायकीचेच नाही, शेड बंद करू, असं मी म्हणू लागलो. वासूने समजूत घातली नाही. "स्वल्प, जरा ऊठ," म्हणत मला आपल्या लोखंडी खुर्चीत बसवलं, स्वतः माझ्या स्टुलावर बसला आणि अगदी माझ्यासारखा कान खाजवत रडगाणं गाऊ लागला. आपल्याला नाही जमायचं, लोक हसतील, पुण्याला आई काय म्हणेल... इतकं हुबेहूब, की माझं टाळकंच फिरलं. त्या रडक्या स्टुलाशी मी तावातावाने भांडलो आणि भांडता भांडता बोलून गेलो, की हॉटेलं गेली उडत, गल्लीतल्या पीठवाल्यांसाठी छोटं यंत्र करू! वासूने टाळीसाठी हात पुढे केला. "तुझी भीती माझ्याकडे दिलीस, की तुझं डोकं बरं चालतं."

पुढे प्रत्येक अवघड निर्णय असाच झाला. कधी तो डगमगायचा, मग मी स्टुलावर बसून त्याची नक्कल करायचो. ती इतकी भिकार, की तो हसत सुटायचा आणि हसता हसता निर्णय घेऊन टाकायचा.

गेल्या आठवड्यात म्हैसूरहून मोठी ऑर्डर आली. घ्यायची तर जागा वाढवायची, माणसं वाढवायची, आणि तेही एकट्याने. सकाळभर मी त्याच्या खुर्चीत बसून होतो, समोर रिकामं स्टूल. तेवढ्यात त्याची बायको, शारदाअक्का, त्याचा राहिलेला डबा न्यायला आली. माझ्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली, स्टुलावर बसली आणि सावकाश कान खाजवला.

"वासू नाही आता," नवऱ्याचं नाव कधी न घेणारी अक्का माझ्या सुरात म्हणाली, "मला एकट्याला कुठलं जमतंय..."

"न जमायला काय झालं?" मी असा उसळलो, की खुर्ची करकरली. तिच्यासमोरच म्हैसूरला फोन लावून हो म्हणून टाकलं.

अक्काने डबा पिशवीत घातला.

"सरी, ठीक आहे, भावोजी. पण बटण दुसऱ्या कुणाला तरी दाबू द्या."